लेकीच्या घरचा घास

माझी लेक बर्फात अडकली आहे हे मला कळलं, तेव्हा आमच्या टेंभुर्णीत हरभरा काढणीला आला होता आणि दुपारी पंख्याशिवाय बसवत नव्हतं. ती फोनवर सांगत होती, "आई, खिडकीच्या निम्म्याला बर्फ आलाय, रस्ता बंद झालाय," आणि मी पदरानं मानेचा घाम पुसत ऐकत होते. नववा महिना लागलेला, पहिलटकरीण, आणि मोठा दवाखाना डोंगराच्या पलीकडं. मी अंगणवाडी सेविका आहे. गावातल्या किती पहिलटकरणींच्या मागं मी हात धुऊन लागले असेन. कुणाला ऐनवेळी जीप करून जाफराबादला धाडलं, कुणाच्या सासूशी भांडून सुनेच्या ताटात अंडं वाढायला लावलं. गावाच्या लेकींना मी पुरले आणि स्वतःच्या लेकीच्या वेळेला हातावर हात ठेवून बसायची पाळी आली. त्या दिवशी दिवेलागणीला देवापुढं बसले, पण हात जोडावेसे वाटेनात. रोज दिवा लावते, चतुर्थीला राजूरच्या गणपतीला जाते, आणि नेमका गरजेच्या वेळेला हा कुठं जातो, असं मनात आलं. भक्त म्हणवणाऱ्या बाईच्या मनात असं येऊ नये, पण आलं ते खरं सांगते.

स्वाती, म्हणजे ही लेक, पुण्यात औषधांच्या कंपनीत नोकरीला होती. तिथंच तिला तंजिन भेटला. तंजिन लाहौलचा, म्हणजे हिमाचलात मनालीच्याही पलीकडच्या डोंगरातला. लग्न करीन तर याच्याशीच, असं ती म्हणाली तेव्हा घरात महाभारत झालं आणि त्यातली सगळ्यात मोठी लढाई मीच लढले. मग एकदा तो पोरगा टेंभुर्णीला आला, माझ्या हातची ज्वारीची भाकर आणि ठेचा खाल्ला, नाकाडोळ्यांतून पाणी गाळत "मम्मी, और एक" म्हणाला, आणि माझा राग कुठल्या कुठं गेला. लग्न झालं, दोघांनी कुल्लूला औषधाचं दुकान टाकलं. पहिलं बाळंतपण माहेरी हे ठरलेलंच होतं, तिकीटसुद्धा काढलेलं. पण तंजिनच्या गावाला भर हिवाळ्यात मोठा सण असतो, घरची सगळी जमतात. "एवढा सण करते आणि येते," म्हणाली. सण झाला आणि बर्फ पडायला लागला तो थांबेचना. हेलिकॉप्टर येईल म्हणायचे, पण त्याला हवा साफ लागते आणि हवा काही साफ होईना.

मी जाते म्हटल्यावर हे म्हणाले, "तू जाऊन काय करशील? तिथं नर्स हाय, तिची सासू हाय." मी म्हणाले, "सासू हाय म्हणूनच चालले." यांच्या छातीचं ऑपरेशन झालेलं, थंडीत जायला डॉक्टरची बिलकुल मनाई. म्हणून मी एकटीच निघाले. डिंकाचे लाडू केले, सुंठ, ओवा, बाळंतशेपा घेतल्या, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवली. आणि स्वतःसाठी दशम्या केल्या, दुधात मळलेल्या, प्रवासात टिकतात त्या, सोबत तिळाची चटणी.

या दशम्यांमागं एक गोष्ट आहे. आमच्याकडं रीत अशी, की लेकीला लेकरू होईस्तोवर आईबापानं तिच्या घरचं अन्न खायचं नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही. आजकाल कोण पाळतं? माझ्या सख्ख्या बहिणी लेकींकडं महिना महिना राहून गुबगुबीत होऊन येतात. पण मी हट्टी. कुल्लूला गेले होते तेव्हा शिधा घेऊन गेले, पाणी विकतचं प्याले आणि चहा कोपऱ्यावरच्या टपरीवर. "आई, तू पाहुणी हायस का पोलीस?" असं स्वाती चिडून म्हणाली होती. यावेळी निघायच्या आधी मी राजूरला गेले आणि त्या रीतीला आणखी एक गाठ मारली. गणपतीसमोर उभी राहून म्हणाले, देवा, लेकीची सुखरूप सुटका होईस्तोवर तिच्या घरचा घास तोंडात घालणार नाही, जीव गेला तरी बेहत्तर. मी माझा शब्द पाळते, तू तुझा पाळ. देवानं मला कुठं शब्द दिला होता, हे तेव्हा ध्यानात आलं नाही.

जालन्याहून रेल्वे, मग बस, मग मनालीच्या पुढचा तो लांबलचक बोगदा, आणि बोगद्याच्या या तोंडाला एक दुनिया तर त्या तोंडाला दुसरीच. पुढं एका गावात जीपवाल्यानं उतरवलं आणि इथून गाडी जात नाही म्हणाला. माझे व्याही तिथं वाट बघत उभे होते. ठेंगणे, रापलेल्या तोंडाचे, डोक्यावर गोल टोपी, वयानं माझ्याहून मोठे. गावासाठी औषधं न्यायला आलेले दोन गडी त्यांच्यासोबत होते. तंजिनला त्यांनी स्वातीजवळ ठेवलं होतं. लग्नात आमचं बोलणं नमस्काराच्या पुढं गेलं नव्हतं. माझी हिंदी जालन्याच्या बाजारातली, ती त्यांना निम्मी कळायची. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "समधनजी, रास्ता बहुत लंबा है. आप यहीं रुक जाओ, मौसम खुलेगा तो ले जाएँगे." मी म्हणाले, "मैं रुकने को आई क्या? कब निकलना है वो बोलो."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत निघालो. पहाटे बर्फ कडक असतो, पाय रुतत नाही. ऊन चढलं की तो ढिला होतो आणि वरच्या उतारावरून सुटून खाली येतो. गावाच्या अलीकडं एक खोल नाला लागतो, तिथं वरून हमखास बर्फ येतो. तो ऊन कडक व्हायच्या आत ओलांडायचा, नाहीतर अलीकडंच थांबायचं आणि मग किती दिवस ते कुणी सांगू शकत नाही, हे व्याह्यांनी मला निघतानाच बजावलं. माझा अवतार बघण्यासारखा होता. आत यांची लोकरी पँट, वर साडी खोचलेली, स्वेटर, त्यावर व्याह्यांनी आणलेला जाड कोट, पायात रबरी बूट. कोट चालतो, खायचं चालत नाही, असा निकाल मीच देऊन टाकला होता. दशम्यांचं गाठोडं मी कुणाला उचलू दिलं नाही. व्याह्यानं आपलं ओझं वाहायचं, शोभतं का ते? लाडू आणि बाळंतिणीचं सामान मात्र जड होतं, ते त्यांनी माझ्या हातून जवळजवळ हिसकावूनच घेतलं.

दिवस उजाडला आणि मी पहिल्यांदा ती दरी बघितली. वेचणीला आलेल्या कपाशीचं रान नजर जाईल तिथपर्यंत पसरावं, तसं सगळं पांढरं. झाड नाही, पाखरू नाही, खाली नदी गोठलेली. इतकी शांतता की माझाच श्वास मला मोठा वाटायला लागला. व्याही पुढं चालायचे आणि त्यांच्या पावलाच्या खड्ड्यात बराबर माझं पाऊल ठेवायचं, जरासुद्धा बाजूला नाही. आयुष्यभर मी पुढं चालले आणि लोकांनी माझ्या मागं यावं, अशी माझी सवय. इथं मान खाली घालून दुसऱ्याच्या पावलात पाऊल टाकत जायचं होतं. पहिल्यांदा राग आला. मग नाम घ्यायला लागले, एका पावलाला एक, आणि राग कुठंतरी मागं राहिला. थकवा होता, पण मजाही वाटत होती. टेंभुर्णीच्या बाईनं असलं काही बघितलं असेल का, असं मनात येऊन मी एकटीच हसत होते.

गाठोडं गेलं ते एका अरुंद जागी. वाट तिथं कड्याला चिकटून जाते, बर्फाखाली पाणी गोठून काच झालेलं. माझा पाय सटकला, व्याह्यांनी मनगट धरलं म्हणून मी वाचले, पण खांद्यावरचं गाठोडं निसटलं. ते घसरत, उड्या मारत खाली नदीपर्यंत गेलं आणि एका खडकामागं दिसेनासं झालं. दशम्या, चटणी, पाण्याची बाटली, सगळं त्यात. व्याही म्हणाले, जान बची, जाने दो. त्यांनी आपला डबा सोडला. भाजलेल्या जवाचं पीठ, त्याला तिकडं सत्तू म्हणतात, उकडलेले बटाटे आणि थर्मासमध्ये चहा. माझ्यापुढं धरला. मी हात जोडले आणि माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं, की आमच्यात लेकीला बच्चा होईपर्यंत तिच्या घरचं चालत नाही. मला वाटलं, हे वाईट वाटून घेतील, समजावतील. ते नुसते "ठीक है, समधनजी" म्हणाले आणि डबा बांधून टाकला. दोन्ही गड्यांनी एकमेकांकडं बघितलं. तुम्ही म्हणाल, लाडू होते की. होते, पण ते बाळंतिणीच्या नावचे. तिच्या आधी आपण तोंड लावायचं म्हणजे काय?

मोठ्या तोऱ्यात मी नाही म्हणाले खरी, पण उपाशी पोटी त्या थंडीत चालणं म्हणजे काय ते पुढं कळलं. आमच्याकडं उपास म्हणजे सावलीत बसून करायची गोष्ट. इथं पोटात काही नसलं की थंडी हाडात शिरते. आधी बोटं गेली, मग गुडघे थरथरायला लागले. तहान लागली म्हणून बर्फ तोंडात घातला तर जीभ बधिर झाली आणि तहान तशीच. पावलं जवळजवळ पडायला लागली. व्याही थांबायचे, मागं वळून बघायचे, मग वर उन्हाकडं बघायचे. त्या बघण्याचा अर्थ मला कळत होता. ऊन पुढं सरकत होतं आणि नाला अजून लांब होता. नाला चुकला तर मी अलीकडं आणि लेक पलीकडं, आणि माझ्यामुळं हे तिघंही अडकणार.

वाटेवर एक छोटं देऊळ लागलं. लाकडी, पाटीच्या दगडाचं छप्पर, निम्मं बर्फात गाडलेलं, दाराला कुलूप. मी तिथल्या पायरीवर बसले ती बसलेच. मी व्याह्यांना म्हणाले, दार उघडता येतं का बघा, देवापुढं जरा बसते. ते म्हणाले, "समधनजी, अभी देवता यहाँ नहीं हैं. सर्दी में स्वर्ग जाते हैं. बर्फ गलेगा तब आएँगे." त्यांच्याकडं तशी समजूत आहे, हिवाळ्यात देव वर जातो, देऊळ बंद ठेवतात. एरवी मी हसले असते. त्या वेळी मात्र माझं सगळं अवसान गळालं. इतक्या लांबून आले, आणि इथं देवसुद्धा घरी नाही. मी रडायला लागले. डोळ्यांतलं पाणी गालावर गार पडायचं. मनात भांडायला लागले त्याच्याशी: मी इतकं पाळते, जीव जायची वेळ आली तरी पाळते, आणि तू कुलूप लावून गेलास? भांडता भांडता एका जागी मला पुढं शब्दच सुचेनात. हातपाय तर केव्हाच संपले होते, आता हट्टही संपला. मी डोळे मिटले आणि एवढंच म्हणाले, मला आता काही जमत नाही. तिला तू बघ. मी पोहोचले तर ठीक, नाही पोहोचले तरी तिला तू बघ.

किती वेळ गेला कळलं नाही. डोळे उघडले तर समोर एक बाई उभी. म्हातारी, पाठीवर वेताची टोपली, अंगाला लोकरीचा काळा अंगरखा, तोंडावर सुरकुत्यांचं जाळं. आमच्या चौघांच्या पावलांशिवाय त्या बर्फावर कुणाची खूण नव्हती, आणि आता पुढच्या बाजूनं एकटीची पावलं आलेली. ती माझ्याजवळ आली. गुडघ्यावर बसली, माझे हातमोजे काढले, माझे दोन्ही हात स्वतःच्या काखेत दाबून धरले. मग टोपलीतून थर्मास काढला आणि वाटीत चहा ओतला. मी हळूच व्याह्यांना विचारलं, ये कौन? ते म्हणाले, नाल्याच्या पलीकडं हिचं घर आहे, एकटी राहते, आमच्या नात्यातली नाही. नात्यातली नाही म्हटल्यावर मला हायसं वाटलं. चहा तोंडाला लावला तर खारा. लोण्याचा आणि मिठाचा चहा, तिकडं तोच पितात. पहिला घोट कसाबसा गिळला आणि दुसरा कधी गेला ते कळलं नाही. मग तिनं एका डब्यातून सत्तूचे गोळे काढून माझ्या हातावर ठेवले. त्यात गूळ होता, तूप होतं, वेलदोड्याचा वासही आला. मला वाटलं, भुकेल्या माणसाला सगळंच आपल्या घरचं लागतं. मी अधाशासारखी खात गेले. ती बघत होती आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत होती, माझी आई फिरवायची तसा. मग तिनं वर बघितलं आणि एकच शब्द बोलली: "जल्दी."

उठले. काय शक्ती आली होती ते मी सांगू शकत नाही. ती बाई पुढं, तिच्या मागं व्याही, मग मी, माझ्या मागं दोघं गडी. नाल्यापाशी आलो तेव्हा वरच्या कड्यावर ऊन पोहोचलं होतं आणि बर्फ ओला दिसायला लागला होता. इथं थांबायचं नाही, बोलायचं नाही, एकमेकांत अंतर ठेवून झपाझप जायचं. मी गेले. धडपडत, गुडघ्यावर येत, पुन्हा उठत, पण कुठंही थांबले नाही. पलीकडचा चढ हातांनी ओढत चढले आणि वर पोहोचून पाठीवर पडले. आम्ही अजून धापाच टाकत होतो आणि मागं ढग फुटल्यासारखा आवाज झाला. वरचा सगळा उतार सुटून नाल्यात आला. धूर उडावा तसा बर्फ उडाला, आमच्या तोंडावर बारीक कण आले, आणि निवळलं तेव्हा आम्ही चाललो होतो ती वाट तिथं नव्हती. व्याह्यांनी टोपी काढली. मी त्या बाईचे पाय धरायला वाकले, तर तिनं मला दंडाला धरून उभं केलं आणि आपल्या घराकडं निघून गेली.

गाव दिसलं तेव्हा सपाट छपरांवर माणसं फावड्यानं बर्फ ओढत होती. कुणीतरी आम्हाला बघून ओरडलं, आणि सगळ्या छपरांवरून हात हलायला लागले. मी, टेंभुर्णीची अंगणवाडीची बाई, साडीखाली नवऱ्याची पँट घालून, दरी चालून आले होते. कुणी काही म्हणो, माझी छाती त्या वेळी फुलून आली. दारात स्वाती उभी होती, दोन्ही हात कमरेवर, पोट पुढं. "आलीस का गं बाई," म्हणाली आणि माझ्या गळ्यात पडली. तिचं ऊन ऊन कपाळ माझ्या गार गालाला लागलं, आणि मी तिला इतकं घट्ट धरलं की तिची सासू मला सोडवायला आली.

त्याच संध्याकाळी तिला कळा सुरू झाल्या. एक दिवस उशीर झाला असता तर मी नाल्याच्या अलीकडं बसलेले असते. गावातली नर्स आली, पोरगी हुशार होती. विहीणबाईंनी चुलीत लाकडं सारली, पाणी ठेवलं. त्यांची भाषा मला येत नव्हती, माझी त्यांना, पण बाळंतपणाला भाषा कुठं लागते? त्या पाय धरायच्या, मी खांदे. कळा लांबत गेल्या. नर्सच्या कपाळावर घाम दिसायला लागला. दवाखाना नाही, रस्ता नाही, हेलिकॉप्टर नाही. त्या वेळी मला माझ्या शब्दाचा काय आधार वाटला. मनात मी देवाला ठणकावून सांगत होते, की बघ, मी उपाशी मेले असते पण लेकीच्या घरचा कण खाल्ला नाही, मी माझा शब्द पाळलाय, आता तुझी पाळी. त्या जोरावर मी स्वातीला धीर देत राहिले. समोरच्या शिखरावर पहिलं ऊन पडलं आणि माझी नात जन्माला आली. रडली ती अशी दणक्यात, की खालच्या गोठ्यातल्या गाई उठून उभ्या राहिल्या. तंजिन दाराबाहेर होता, तो आत आला आणि भिंतीला टेकून पोरासारखा रडला. विहीणबाईंनी बाळ पुसून आधी माझ्या हातात दिलं. मग मी मोठ्या हक्कानं म्हणाले, "अब खाना दो, भूक लगी." त्यांनी तुपात तळलेली जाड पुरी आणि डाळ वाढली. लेकीच्या घरी मी पहिल्यांदा पोटभर जेवले आणि वर पाणी मागून प्याले.

दोन-तीन दिवसांनी ती म्हातारी बाई बाळाला बघायला आली. मी पळत जाऊन तिला मिठी मारली. तंजिनला दुभाषा करून तिला विचारलं, की त्या दिवशी तुला कुणी सांगितलं होतं का आमच्याकडं यायला? ती म्हणाली, कुणी नाही. सकाळपासून घरात बसवेना, म्हणून चहा भरून घेतला आणि निघाले. बस, एवढंच. मग तिनं स्वातीच्या हातात एक स्टीलचा डबा दिला. आत ताजं लोणी होतं, आलेला डबा रिकामा परत करायचा नाही ही रीत तिकडंही आहे. लोणी काढून ठेवावं म्हणून मी डबा घेतला आणि झाकणाकडं बघतच राहिले. झाकणावर नाव घातलेलं होतं: 'चि. सौ. कां. स्वातीस, आई-पप्पांकडून.' जालन्याला भांड्यांच्या दुकानात उभं राहून मीच ते घालून घेतलं होतं.

मी स्वातीकडं बघितलं. ती आधीच हसायला लागली होती. व्याही गंभीर चेहरा करून छताकडं बघत होते. मग तिनं सांगितलं. मी येणार, येताना दशम्या आणणार आणि त्या इथल्या थंडीत दगड होणार, आणि मी सासऱ्यांच्या हातचं काही खाणार नाही, हे सगळं तिला ठाऊक होतं. म्हणून तिनं स्वतः बसून गूळ-तूप घालून सत्तूचे गोळे वळले, या डब्यात भरले आणि तंजिनच्या हाती त्या बाईच्या घरी पाठवून दिले. माझी आई आली की घरात बसव आणि तुझंच म्हणून खायला घाल, असा निरोप. सासऱ्यांनाही सांगून ठेवलेलं, म्हणून तर ते इतक्या शांतपणे "ठीक है" म्हणाले. आम्ही तिच्या घरापर्यंत पोहोचू, एवढंच त्यांना वाटलं होतं; ती डबा घेऊन नाल्याच्या अलीकडं येईल, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

माझा पारा चढला. "अगं, नवस होता माझा," मी म्हणाले. "राजूरला बोलून आल्ते मी. तुझ्या जिवासाठी बोलले होते. तुझ्याच घरचा घास खाल्ला ना मंग मी, लेकरू व्हायच्या आधी!" स्वातीनं झोपलेली पोर उचलली, माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "मंग? काय बिघडलं?"

मी खाली बघितलं. मूठ घट्ट मिटलेली, ओठ दुधानं ओले, श्वास एकसारखा. काय बिघडलं होतं? काहीच नाही. ज्या शब्दाच्या जोरावर मी रात्रभर देवाला ठणकावत होते, तो शब्द त्या देवळाच्या पायरीवरच मोडला होता. त्याला ते ठाऊक होतं. मला ठाऊक नव्हतं. आणि तरी त्यानं दिलं, हातचं न राखता दिलं. मी काही पाळलं म्हणून दिलं नव्हतं. उलट, माझं पाळणंच माझ्या लेकीच्या आड येत होतं, तर त्यानं ते अलगद बाजूला केलं, आणि माझा मान राहावा म्हणून मला कळूसुद्धा दिलं नाही. लेकीच्या डोक्यात ते गोळे वळायचं कुणी घातलं, त्या एकट्या बाईला घरात का बसवेना, हे मी विचारत बसत नाही. मी फक्त इतकं सांगते, की मी "तिला तू बघ" म्हणाले, आणि त्यानं आम्हा दोघींना बघितलं. मला इतकं हसू आलं आणि इतकं रडू आलं, की बाळ जागं झालं आणि विहीणबाई मला रागं भरल्या.

बर्फ वितळल्यावर सगळे टेंभुर्णीला आले, बारा म्हणता म्हणता पंधरा पाहुणे घेऊन, आणि हे नातीला घेऊन गावभर मिरवले. माझी रीत मी सोडली, कुणी सोडायला लावली म्हणून नाही, तिचं ओझंच उरलं नाही म्हणून. आता कुल्लूला जाते तेव्हा पहिला चहा लेकीच्या हातचा पिते, खारा दिला तरी. राजूरलाही जातेच. पण आताशा देवाला काही कबूल करत नाही. समोर उभी राहते, स्वाती बरी आहे, पोरगी रांगायला लागली, व्याह्यांचा गुडघा दुखतो, असं घरातलं सांगत बसते. मागची बाई सरका म्हणेपर्यंत माझं सांगणं संपत नाही. घरी येऊन चपला काढताना ध्यानात येतं, की मागायचं राहूनच गेलं.